नखाएवढे चित्र

मुखपृष्ठ हा पुस्तकाचा पहिला अनुवाद, असे मी मानत आले आहे. व्हिडिओ गेमच्या इतिहासात मात्र या अनुवादाची दिशाच उलटली.

१९७७मध्ये 'अटारी व्हीसीएस' बाजारात आले तेव्हा त्या यंत्राची कामचलाऊ स्मृती होती अवघी १२८ बाइट. 'कॉम्बॅट'मधले रणगाडे म्हणजे पडद्यावर सरकणारे ठोकळे. खोक्यावर मात्र क्लिफ स्पोन यांनी रंगवलेले अस्सल रणगाडे आणि विमाने. पडद्याला जे दाखवता येत नव्हते, ते चित्र सांगत होते. याला कोणी फसवणूक म्हणेल. मला ती उदारता वाटते.

आता खेळातच अख्खे शहर मावते, पण 'स्टीम'च्या दुकानातल्या याद्यांमध्ये त्याचे चित्र १२० बाय ४५ पिक्सेलपर्यंत आक्रसते. तिथे बारकाव्यांचा चिखल होतो. उरते एखादी ठळक आकृती, दोन विरोधी रंग आणि नाव. एवढ्याशा जागेतही लोक पुरस्कार, समीक्षकांचे गुण, सवलतीच्या घोषणा कोंबू लागले. अखेर १ सप्टेंबर २०२२पासून 'व्हॉल्व्ह'ने नियम केला: मूळ चित्रात खेळाची कला, नाव आणि उपशीर्षक, बाकी काही नाही.

रोमन नावाला ४५ पिक्सेलची उंची पुरते. देवनागरीला वर वेलांटी, मध्ये अक्षर, खाली उकार असे तीन मजले लागतात, आणि प्रत्येक मजला बुटका होतो. उद्या कोणी खेळाचे नाव मराठीत करायला सांगितले, तर मी आधी उकार आणि जोडाक्षरे टाळेन, मग अर्थाकडे वळेन.