खाणीची हद्द उपग्रहावरून कशी तपासतात?

खाण म्हटली की पोकलेन आणि डंपर आठवतात. पण गोवा असो की बळ्ळारी, तंटा बहुतेक वेळा एकाच रेषेवर येऊन अडतो: लीजची हद्द नेमकी कुठे संपते? गोव्यातल्या बऱ्याच खाणी पोर्तुगीज काळातल्या परवान्यांवर सुरू झाल्या. १९८७ च्या कायद्याने त्यांची लीज झाली. बळ्ळारीत तर कर्नाटक-आंध्र सीमेच्या खुणाच वादात सापडल्या. शेवटी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले आणि हद्दी नव्याने मोजायला लावल्या.

२०१६ मध्ये केंद्राने 'मायनिंग सर्व्हेलन्स सिस्टीम' आणली. नागपूरचे इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स आणि गांधीनगरची बायसॅग संस्था यांचे हे काम. लीजचा नकाशा अक्षांश-रेखांशांसह उपग्रहचित्रावर बसवतात. हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंत जमिनीत संशयास्पद बदल दिसला, की राज्याच्या खाण अधिकाऱ्याकडे इशारा जातो. पुढे माणसानेच जागेवर जाऊन बघायचे असते. खड्डा खाणीचा की कुणाच्या शेततळ्याचा, हे चित्र सांगत नाही. आणि पावसाळ्यात आपल्याकडचे ढग! साध्या उपग्रहचित्राला त्यापलीकडचे दिसत नाही.

हद्दीच्या आत किती खोदले, त्यासाठी ड्रोन. वर्षाला दहा लाख टन किंवा जास्त खोदाईचा आराखडा असेल, किंवा लीज ५० हेक्टर वा त्याहून मोठी असेल, तर २०२१ पासून ड्रोन सर्वेक्षण सक्तीचे आहे. आधीच्या आणि नंतरच्या फोटोंवरून संगणक खाणीचे दोन त्रिमितीय आराखडे करतो. दोन्हींतला फरक म्हणजे उपसलेले घनमीटर. त्याला घनतेने गुणले की टन. वहीत लिहिलेल्या टनांशी हा आकडा ताडून बघता येतो.

हे सगळे अचूक झाले तरी रेषा कुठून ओढली, हा प्रश्न उरतोच. २०२२ मध्ये लिलाव झालेला डिचोलीचा ब्लॉक सुमारे ४७८ हेक्टरांचा. त्यात मुळगावची घरे, देवळे, शेते आली म्हणून लोकांनी ती वगळायची मागणी केली. संगणकाला दिलेली हद्द तो निमूट मानतो, आत काय आहे ते विचारत नाही.

हद्दीच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश पर्यावरण अहवालात असतात, आणि ते 'परिवेश' पोर्टलवर मिळतात. गुगल अर्थवर टाकले की आपले घर आत की बाहेर, याचा अंदाज येतो. पण घर अगदी कडेला असेल तर मोबाइलवर विसंबू नका. त्याचा जीपीएस काही मीटर चुकतो. तिथे डीजीपीएस मोजणीच मागावी.