लोहित (टंकसमूह)

लोहित : भारतीय लिप्यांसाठी रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली उपलब्ध केलेला युनिकोड टंकसमूह (फॉन्टसमूह). बड्या सॉफ्टवेअर कंपनीने मुक्तस्रोत चळवळीला दिलेल्या योगदानाचे मराठीच्या दृष्टीने हे सर्वांत ठळक उदाहरण होय. रेड हॅट ही अमेरिकेत १९९३ मध्ये स्थापन झालेली, लिनक्सवर आधारित व्यवसाय करणारी कंपनी. मूळ फॉन्ट मात्र पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवले. ‘श्रीलिपी’ या सॉफ्टवेअरमुळे या कंपनीचे नाव मराठी मुद्रणव्यवसायात घरोघरी पोचलेले होते. २००४ च्या सुमारास पहिला संच जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या मुक्त परवान्याखाली खुला झाला. त्यात हिंदी होती. मराठीची भर नंतर पडली.

त्या काळी मराठी मजकूर त्या-त्या फॉन्टच्या खाजगी संकेतनात अडकलेला असे. एका छापखान्यातली फाइल दुसऱ्याकडे उघडली की पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडने हा प्रश्न तत्त्वतः सोडवला, पण विनामूल्य आणि नीट जोडाक्षरे दाखवणारे फॉन्ट मोजकेच होते. आज्ञावलींचे भाषांतर स्वयंसेवक आपापल्या सवडीने करत होते. इंडलिनक्ससारख्या गटांनी ते करून दाखवलेच. शेकडो जोडाक्षरांचा फॉन्ट घडवायला मात्र कसबी हात आणि पैसा लागतो. कंपनीची खरी गरज इथे होती आणि इथेच ती उपयोगी पडली.

फॉन्ट खुला झाल्याने तो दुरुस्तही सर्वांच्या डोळ्यांदेखत होऊ लागला. रेड हॅटचे अभियंते पुण्याच्या मगरपट्टा सिटीतून भारतीय भाषांचे काम पाहत. अक्षर चुकले की कोणीही बगझिला या तक्रारनोंदणीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि ती कुठवर आली ते पाहावे, अशी सोय होती. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक घ्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धा ‘ऱ’. हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येतो, पण फॉन्टमध्ये त्याचा नियम नसेल तर मराठी वाचकाला समुद्र आणि डोंगरदऱ्या वेगळ्या ओळखू येणार नाहीत. असे बारकावे मराठी लिहिणाऱ्यालाच खटकतात, म्हणून तक्रारीची वाट खुली असणे महत्त्वाचे.

पुढे हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी आदींचे वेगवेगळे फॉन्ट ‘लोहित देवनागरी’त एकत्र आले. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी असल्याने एकत्रीकरण सोपे नसते. मजकुराची भाषा मराठी असल्याची नोंद असेल तर मराठी वळण निवडावे, असा नियम ओपनटाइप फॉन्टमध्ये घालता येतो. जबलपूरसारख्या शहरात याचे मोल कळते : १९५६ पर्यंत ते आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि तेथील मराठी कुटुंबांत आजही दोन्ही भाषा एकाच संगणकावर लिहिल्या जातात.

२०११ मध्ये परवाना बदलून एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स झाला. जीपीएलमधील फॉन्ट पीडीएफमध्ये अंतर्भूत केला तर त्या दस्तऐवजालाही परवान्याच्या अटी लागतात का, ही शंका प्रकाशकांना सतावत असे, ती मिटली. त्यानंतर विकिमीडियाच्या संकेतस्थळांवर लोहित वेबफॉन्ट म्हणून वापरात आला. ‘लोहित २’ या पुढच्या टप्प्यात अक्षरचित्रांना प्रमाण नावे देण्यात आली, जेणेकरून पीडीएफमधून उचललेला मजकूर पुन्हा जसाच्या तसा वाचता यावा. देवनागरीत हे दुखणे आजही पुरते गेलेले नाही.

रेड हॅटचे समुदायाशी नाते फॉन्टपुरते नव्हते : तिच्या पाठबळावर चालणाऱ्या फेडोरा लिनक्सच्या विकासकांचे व वापरकर्त्यांचे फडकॉन संमेलन पुण्यात २०११ मध्ये कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये भरले, २०१५ मध्ये पुन्हा झाले. आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरना रेड हॅट विकत घेतली. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची विनामूल्य प्रतिकृती असलेले सेंटओएस लिनक्स बंद करण्याची डिसेंबर २०२० मधील घोषणा आणि २०२३ मध्ये एंटरप्राइझ लिनक्सच्या स्रोतावर घातलेले निर्बंध समुदायाला जिव्हारी लागले, आणि ती नाराजी रास्त होती. लोहितला अशा निर्णयांची झळ लागत नाही : परवान्यानुसार हा फॉन्ट सुटा विकता येत नाही, पण कोणालाही तो वापरण्याची, बदलण्याची आणि बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली पुढे देण्याची मुभा आहे.