पीसी अल्गोरिदम

पीसी अल्गोरिदम : प्रयोग न करता, केवळ निरीक्षणांच्या आकडेवारीतून प्रत्यक्ष कारणे शोधण्याची संख्याशास्त्रीय रीत. अमेरिकेतील पीटर स्पर्टीस व क्लार्क ग्लायमोर यांनी ती १९९१ मध्ये मांडली. नाव त्यांच्या पहिल्या नावांच्या आद्याक्षरांवरून पडले.

आरंभी सर्व चले परस्परांशी रेषांनी जोडतात. दोन चलांमधला संबंध तिसरे चल स्थिर धरल्यावर नाहीसा झाला, तर त्यांच्यातील रेषा पुसतात. पाऊस आला की छत्र्या उघडतात आणि रस्तेही भिजतात. पण पाऊस पडतो आहे हे ठाऊक असले, की छत्र्यांवरून रस्त्याविषयी नवे काही कळत नाही. छत्री व रस्ता यांमधील रेषा जाते. पुढे स्थिर चलांची संख्या एकेकाने वाढवतात, मात्र ही चले त्या दोन चलांशी अजून रेषेने जोडलेल्या शेजारी चलांमधूनच निवडतात. रीतीची खरी काटकसर इथेच आहे : जाळे विरळ असेल, तर हजारो चलेही आवाक्यात येतात.

शेवटी उरलेल्या रेषांना कारणाकडून परिणामाकडे जाणाऱ्या बाणांची दिशा देतात; ती मात्र सर्व रेषांना मिळत नाही. मोजमापातून सुटलेले सामाईक कारण ही सर्वांत मोठी अडचण. त्यामुळे निष्कर्ष चुकू शकतो. अशा छुप्या कारणांची शक्यता धरून चालणारी एफसीआय ही रीत स्पर्टीस व त्यांच्या सहकाऱ्यांनीच विकसित केली.