रेल-स्कोप, युरोपीय

शिकारी रायफलवरील दुर्बिणीचा, म्हणजे स्कोपचा, जर्मनी व ऑस्ट्रियात रुजलेला प्रकार. याच्या नळीच्या पोटाशी लांबीच्या दिशेने एक पट्टी असते. ही पट्टी म्हणजेच रेल. ती मागाहून चिकटवलेली नसते, नळीबरोबरच घडवलेली असते. स्कोप रायफलवर बसवणारा जोड, म्हणजे माउंट, रेलला धरतो, त्यामुळे नळीभोवती रिंग आवळावी लागत नाही. झाइस, हेन्सोल्ट, काह्लेस, स्वारोव्स्की, श्मिट उंड बेंडर या कंपन्यांचे असे स्कोप विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य युरोपात सर्रास दिसत.

त्याआधीच्या पोलादी नळीवर माउंटच्या रिंगा डाख देऊन बसवण्याची पद्धत होती. वजन कमी करण्यासाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची नळी आली. तिच्यावर पोलादी रिंग तशी डाखता येत नाही, आणि बेताबाहेर आवळली तर नळी दबते. रेलमुळे या दोन्ही अडचणी टळल्या. शिवाय रेल नेमकी खाली येत असल्याने स्कोपमधील फुली तिरकी बसण्याचा संभवही कमी झाला.

जुन्या रेलचा आडवा छेद समलंब चौकोनाचा, नळीकडे अरुंद आणि खाली रुंद असतो. माउंटच्या पायांना त्याच मापाची खाच असते. पाय रेलवर पुढेमागे सरकवून डोळा व मागचे भिंग यांतले अंतर जुळवतात. जुन्या स्कोपमध्ये ते साधारण 8 ते 9 सेंटिमीटर असते. जागा ठरली की पाय आणि रेल यांतून आरपार आडवे भोक पाडून त्यात स्क्रू किंवा पिन घालतात. हा टप्पा टाळता येत नाही. केवळ खाचेच्या पकडीवर विसंबले तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने स्कोप जागेवरून सरकतो. ड्रिल मात्र रेलमध्येच राहायला हवे. ते नळीत घुसले तर आतला नायट्रोजन निघून जातो आणि भिंगांवर धुके धरू लागते.

कारागिराचा खरा कस पुढचा व मागचा पाय एका रेषेत आणण्यात लागतो. ते थोडेही चुकले तर स्क्रू घट्ट करताना नळी वाकते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक जर्मन स्कोपना फक्त वर-खाली नेम साधण्याची कळ असे. डावी-उजवीकडची दुरुस्ती माउंटमध्येच करावी लागे. फुली मध्यावरून सरकली की ती दृश्यात तशीच एका बाजूला दिसे. त्यामुळे स्कोप मुळातच बंदुकीच्या नळीच्या रेषेत बसवणे भाग होते. आजच्या कळा फिरवून असले दोष झाकता येतात, ही सवलत त्या कारागिरांना नव्हती.

माउंट रायफलवर अडकवण्याच्या पद्धतींत जर्मनीतल्या सुल गावचा आकडा-माउंट प्रसिद्ध. पुढचे आकडे खाचेत अडकवायचे, मागची बाजू दाबायची, की खटका बसतो. छऱ्यांच्या दोन व गोळीची एक अशा तीन नळ्यांच्या ‘ड्रिलिंग’ बंदुकीवर तो विशेष सोयीचा, कारण छरे झाडताना स्कोप पटकन काढता येतो. हाताने घासून बसवण्याचे हे काम वेळखाऊ आणि महाग. पुढच्या खुंटीवर फिरवून काढायचा माउंट त्यामानाने सोपा. माउझर 98 रायफलवर मात्र आणखी एक अडचण येते. तिचा सेफ्टीचा खटका वर उभा राहून स्कोपला अडतो. मग एकतर तो बदलावा लागतो, नाहीतर स्कोप उंच बसवून गाल कुंद्यावरून उचलावा लागतो.

अमेरिकी शिकाऱ्यांनी रिंगच पसंत केली, कारण ती स्क्रूड्रायव्हरने घरीही बसते. तत्त्व म्हणून रेल सरस, पण तिला कारागीर लागतो. याच कारणाने ती मागे पडली. पुढे झाइसने आतून खाच असलेली रेल आणली, स्वारोव्स्कीने दातेरी. दोन्हींना भोके पाडावी लागत नाहीत, पण त्यांचे माउंट जुन्या रेलला चालत नाहीत.

वापरलेला रेल-स्कोप घेताना भिंगांइतकीच रेलवरची जुनी भोकेही पाहावीत. नवे भोक जुन्याला अर्धवट छेदत असेल तर पकड कच्ची राहते. जुनी भोके धातुमिश्रित इपॉक्सीने बुजवता येतात, पण शक्य तर तीच वापरावीत. रेल कापून काढून रिंग बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. खालची नळी अचूक गोल उरेलच असे नाही.