मांजर क्रमांक ४०० आणि ग्लासभर पाणी

आज जपानला जायचंय, पण सुरुवात माझ्या लॅपटॉपपासून.

मागच्या वर्षी आमच्या टीमकडे एका कारखान्याच्या सांडपाण्याचा डॅशबोर्ड आला. सेन्सर बंद पडला तर स्क्रीनवर काय दाखवायचं? क्लायंट म्हणाला, "शेवटचं चांगलं रीडिंग दाखवत राहा." चार ओळींचा कोड. मी लिहून दिला. आलेख मस्त सरळ दिसायला लागला. मग मी मिनामाताबद्दल वाचलं.

मिनामाता हे क्युशू बेटावरचं समुद्रकाठचं गाव. तिथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना. १९३२ पासून तिथे ॲसिटाल्डिहाइड बनायचं आणि त्यात उत्प्रेरक म्हणून पारा वापरायचे. त्यातून मिथाइल मर्क्युरी हे विष तयार व्हायचं आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात जायचं. तिथून शिंपल्यांत, माशांत आणि शेवटी कोळ्यांच्या ताटात. आधी गावातली मांजरं झटके येऊन मरायला लागली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं. १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच इस्पितळाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी आरोग्य कार्यालयाला कळवलं, की गावात अनोळखी आजार पसरतोय.

१९५९ मध्ये होसोकावांनी साधा प्रयोग केला. कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला घातलं. ते मांजर क्रमांक ४००. ऑक्टोबरमध्ये त्याला तीच लक्षणं दिसली. आमच्या भाषेत, बग सापडला! पण कंपनीने निष्कर्ष बाहेर जाऊ दिला नाही.

उलट त्याच डिसेंबरात गाजावाजा करून 'सायक्लेटर' नावाचं सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र सुरू केलं. उद्घाटनाला कंपनीच्या अध्यक्षांनी त्यातलं म्हणून ग्लासभर पाणी सगळ्यांसमोर प्यायलं. लोकांना वाटलं, सुटलो. प्रत्यक्षात ते यंत्र सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. डेमो पास, सिस्टीम फेल.

पारा समुद्रात जातच राहिला. १९६५ मध्ये निगाता भागात दुसऱ्या कंपनीमुळे तोच आजार उघड झाला. चिस्सोने ती प्रक्रिया थांबवली १९६८ मध्ये, आणि सरकारनेही कारण अधिकृतपणे मान्य केलं त्याच वर्षी. १९७० मध्ये होसोकावांनी आजारपणात, अंथरुणावरूनच मांजर ४०० बद्दल साक्ष दिली. १९७३ मध्ये न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं. पाऱ्यावरच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कराराला याच गावाचं नाव आहे. भारतही त्यात आहे.

आता आपल्याकडे या. २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी बसवायला सांगितलं. कल्पना चांगलीच आहे. म्हणजे आता नदीत काय सोडलं जातंय हे सेन्सर सांगणार, आणि सेन्सरचं म्हणणं आमच्यासारख्यांच्या कोडमधून पुढे जाणार. माझी ती सरळ रेघ म्हणजे ग्लासभर पाणीच होतं की!

मी ते तिकीट पुन्हा उघडलंय. सेन्सर बंद पडला की लाल अक्षरात 'रीडिंग नाही' दिसावं, एवढाच बदल. क्लायंटची मंजुरी अजून आलेली नाही. आली की सांगतो. नाही आली, तरी सांगतो.

भेटूया पुढच्या भागात!