तबकडीवरचं गाणं, पडद्यावरचं गाणं

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला आणि आमच्यात एका जुन्या गाण्यावरून वाद लागला. आजी म्हणाल्या, "यात अजून एक कडवं आहे. जत्रेत तंबूतल्या सिनेमात मी ऐकलंय." सुनेने मोबाइलवर गाणं लावलं, तर कडवं नाहीच.

आम्ही वाचून पाहिलं. दोघींचंही खरं असू शकतं.

जुन्या तबकड्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. सिनेमातलं गाणं लांब असलं की एखादं कडवं गाळायचं, नाहीतर उरलेलं गाणं मागच्या बाजूवर घ्यायचं. कित्येकदा सिनेमासाठी एकदा गायचं आणि तबकडीसाठी पुन्हा वेगळं.

प्रसंगामागचं संगीत तर तबकडीवर बहुधा यायचंच नाही. उलटही व्हायचं. 'शोले' (१९७५) आपण कितीदा पाहिला! त्याच्या तबकडीवर एक कव्वाली आहे. किशोर कुमार, मन्ना डे, भूपिंदर आणि गीतकार आनंद बक्षी स्वतः गायलेत. सिनेमात ती शोधूनही सापडायची नाही.

पण आम्हाला लागून राहिली ती नावाची गोष्ट. १९४९ साली 'महल' आला. 'आयेगा आनेवाला' हे त्यातलं गाणं, संगीत खेमचंद प्रकाश यांचं. पडद्यावर मधुबाला. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या होत्या. तेव्हा त्या विशीच्या. तबकडीवर गाणारीचं नाव काय छापलं? कामिनी! म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. गळा एकीचा, नाव कथेतल्या बाईचं. (आपल्या पापडाच्या पुड्यावर तरी लाटणारीचं नाव कुठे असतं म्हणा.)

सिनेमा पाहून कुणी विचारलं नसतं कदाचित, तिथे समोर मधुबाला दिसत होती. रेडिओवर मात्र नुसता आवाज. ऐकणाऱ्यांनी आकाशवाणीला पत्रांवर पत्रं धाडली, ही गाते कोण? शेवटी आकाशवाणीने तबकडी कंपनीला विचारलं आणि नाव रेडिओवरून सांगितलं, लता मंगेशकर. हे लताबाईंनीच मुलाखतीत सांगितलंय.

आजींचं कडवं मात्र अजून मिळालेलं नाही. त्या म्हणतात, अख्खा सिनेमा मिळवा, मग दाखवते. पुढच्या बैठकीला तेच करायचं ठरलंय.