जितं त्यांचं, मेलेलं आमचं

दोस्तांनो, गावगाड्यानं जनावराची वाटणी केव्हाच करून ठेवली होती. जितं जनावर त्यांचं, मेलेलं आमचं. दूध, तूप, लोणी बाजारात जायचं ते त्यांच्या गोठ्यातून. ढोर मेलं की महारवाड्याला हाळी. ओढा, सोला, फाडा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं, ते नुसतं पोटाचं पथ्य नव्हतं. ती या वाटणीवर मारलेली लाथ होती.

वाटणी किती पक्की होती बघा. १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या करू न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकिकत दिलीय. एका अस्पृश्यानं तीर्थयात्रा करून आल्यावर गावातल्या आपल्या लोकांना जेवण घातलं. जेवणात तूप वापरलं. सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासलं, माणसांना मारलं. तूप त्याच्या पैशाचं होतं. म्हंजे खिशात पैसा असून भागत नव्हतं. बाजाराला दोन दरवाजे असतात. एक भावाचा, एक जातीचा.

भावाचा दरवाजा कसा फुटतो ते खेडा जिल्ह्यानं दाखवलं. १९४५ मध्ये मुंबई सरकारनं शहराला दूध पुरवायची योजना काढली. आणंदचं दूध गोळा करायचा मक्ता पोल्सन डेअरीकडे गेला. मुंबईत पैसा, मधे दलाल, आणि म्हैसवाल्याच्या हाती चिंधी. वल्लभभाई पटेलांचा सल्ला घेऊन ४ जानेवारी १९४६ ला समरखा गावी सभा झाली. ठराव झाला, गावोगाव सोसायटी काढायची आणि सरकारनं दूध आमच्या संघाकडूनच घ्यायचं. नाहीतर दूध नाही. पंधरा दिवस संप चालला. सरकार वाकलं. १४ डिसेंबर १९४६ ला संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल पुढारी, १९४९ पासून कुरियन सोबतीला. त्याचंच पुढं अमूल झालं. संप म्हंजे काय हे कामगाराला शिकवायला नको. मालाचा मालक मी, मग भाव दुसरा का ठरवणार, एवढाच त्यातला सवाल.

अमूलची खरी ताकद फॅट मोजायच्या यंत्रात. यंत्राला जात कळत नाही. दूध मापलं, फॅट बघितलं, भाव ठरला, सगळ्यांचं दूध एकाच कॅनमध्ये. एका सभासदाला एक मत, म्हशी एक असो की दहा. हे थोडं नाही.

पण गड्यांनो, रांगेत उभं राहायला आधी म्हैस लागते. म्हशीला वैरण, वैरणीला जमीन, जमिनीला पाणी. चरोतरात जमीन पाटीदारांची, आपल्याकडे कुणाची ते सांगायला नको. १९५९ आणि १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीनांनी तुरुंग भरले. तो लढा धान्याचा होता तसा वैरणीचाही होता, हे आपण विसरतो.

भूमिहीनाच्या दारात काय असतं? दोन शेळ्या, चार कोंबड्या. ती आपली बँक. पोराची फी, आईचं दवाखान्याचं बिल, की शेळीचं दावं सोडून बाजाराची वाट. व्यापाऱ्याला तोंड बघूनच कळतं, हा नडलेला आहे. तो कंबरेला हात लावतो, अंदाजानं बोली करतो. जनावरांच्या बाजारात तर दलालांची बोटं रुमालाखाली बोलतात, मालक बाजूला उभा. दुधाला यंत्र मिळालं, शेळीला साधा काटासुद्धा नाही. संध्याकाळी शेळी परत न्यायची तर चालत न्यायची, आणि घरी पैशाची वाट बघणारं माणूस. म्हणून पडेल भावाला दावं हातात देऊन यायचं.

म्हणून इतिहास वाचायचा. आठवडी बाजारात वजनकाटा मागा. दहा घरं मिळून शेळ्या एकदम न्या, नडलेला माणूस एकटा जाता कामा नये. सोसायटीचा सभासद व्हा, आणि निवडणुकीला नुसतं मत द्यायला नाही, उभं राहायला जा. समरखाच्या लोकांनी दूध अडवलं. आपल्याला आधी एकमेकांना धरून ठेवावं लागेल.

मेलेलं आपण १९२७ ला टाकलं. जित्याचा भाव मागायचा बाकी आहे.

जयभीम.